सिद्धान्त कसे मोडतात? : पिकांच्या अन्नाची हकीकत

"शास्त्रज्ञांचें काय घेऊन बसलांत, आज एक सांगतात, उद्यां दुसरें," हा उद्गार गांवच्या पारावर ऐकला नाहीं असा शेतकरी विरळा. एका पिढीस शेणखत हेंच सर्वस्व म्हणून सांगण्यांत आलें. दुसरीस पोत्यांतील खतावांचून तरणोपाय नाहीं असें सांगण्यांत आलें. आणि तिसरीस पुन्हां सेंद्रिय खताकडे वळण्याचा उपदेश होत आहे. ज्याला गांठचा पैसा व वर्षाचा हंगाम पणास लावावयाचा आहे, त्याचें मन अशा स्थितींत साशंक झालें तर त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु शंका दोन प्रकारची असते. एक हिशेब तपासावयास लावते. दुसरी हिशेबाची वहीच फेकून द्यावयास सांगते. पहिलीनें शेतकऱ्याचें हित होतें. दुसरीनें तो पहिल्याच बोलघेवड्या विक्रेत्याच्या तावडींत सांपडतो.

म्हणून शास्त्रांतील सर्वमान्य सिद्धान्त खोटा ठरतो तो कोणत्या पुराव्यानें, आणि त्याच्या जागीं दुसरा येतो तेव्हां जुन्यापैकीं काय टिकतें व काय जातें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. त्यासाठीं आम्ही शेतकऱ्याच्या अगदीं जवळचा प्रश्न घेतों. पीक खातें काय? ह्या एका प्रश्नाचें उत्तर गेल्या पावणेचारशें वर्षांत अनेक वेळां बदललें, आणि प्रत्येक वेळीं तें कां बदललें ह्याचा कागदोपत्रीं पुरावा उपलब्ध आहे.

पाण्यापासून लांकूड

ब्रुसेल्स येथील यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट ह्या वैद्यानें सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक प्रयोग केला. भट्टींत वाळविलेली २०० पौंड (सुमारे ९१ किलो) माती त्यानें एका भांड्यांत भरली व तींत ५ पौंड वजनाचें विलोचें रोप लाविलें. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकांठीं वाढणाऱ्या वाळुंजाच्या जातकुळींतील झाड. बाहेरची धूळ आंत पडूं नये म्हणून त्यानें भांड्यावर भोंकें पाडलेला पत्रा बसविला, आणि पांच वर्षें पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यावांचून दुसरें कांहीं घातलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड काढून तोललें तों तें १६९ पौंड व सुमारे ३ औंस भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली, तों ती अवघी सुमारे २ औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास, कमी झालेली. सबब लांकूड, साल व मुळें हीं सर्व केवळ पाण्यापासून झालीं, असा निर्णय त्यानें दिला. तो १६४४ सालीं वारला. हा वृत्तान्त १६४८ सालीं त्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाला.

ह्या प्रयोगास हंसण्याचें कारण नाहीं. झाडाचें अंग मातीचें बनत असेल तर मातीचें वजन तितकें घटलें पाहिजे, ही विचारसरणी निर्दोष होती. आणि झाड माती खाऊन वाढतें हा समज त्यानें तोंडानें नव्हे, तराजूनें मोडला. उणीव राहिली ती दोन ठिकाणीं. हवा ही जमेची बाब असूं शकेल हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि ते दोन औंस त्यानें हिशेबांत धरले नाहींत. नवलाची गोष्ट अशी कीं, 'गॅस' हा शब्द प्रथम योजणारा पुरुष हाच, आणि कोळसा जाळला असतां निघणारा वायु निराळा आहे हें ओळखणाराहि हाच. ज्या वायूला त्यानें स्वतः नांव दिलें, त्याच वायूनें त्याचें झाड पोसलें होतें! महसुलाच्या दप्तरांत हयात घालविल्यावर आमची अशी खात्री झाली आहे कीं, जमाखर्चांतील मोठें गूढ बहुधा 'किरकोळ' ह्याच सदराखालीं दडलेलें असतें. ते दोन औंस म्हणजे झाडानें मातींतून उचललेले क्षार होते, आणि पुढील दोनशें वर्षांचें खतशास्त्र त्यांतच सांठलेलें होतें.

१६९९ सालीं इंग्लंडांत जॉन वुडवर्ड ह्यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत वाढविलीं. निव्वळ पाणी हेंच अन्न असतें तर सर्व रोपें सारखीं वाढावयास हवीं होतीं. परंतु पावसाच्या पाण्यांतील रोप कमी वाढलें, थेम्स नदीच्या पाण्यांतील अधिक, आणि बागेची माती कालविलेल्या पाण्यांतील त्याहूनहि अधिक. शिवाय रोपानें शोषिलेलें बहुतेक पाणी पानांवाटे निघून जातें हेंहि त्यानें तोलून दाखविलें. पाण्याचा सिद्धान्त येथें डळमळला. मात्र वुडवर्डनें काढलेला निष्कर्ष, कीं झाड मातीच खातें, हा पुन्हां दुसऱ्या टोकास गेला. त्याच मतास धरून जेथ्रो टल ह्या इंग्रज जमीनदारानें १७३१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मातीचे अतिसूक्ष्म कण हेंच पिकाचें खाद्य असल्यामुळें जमीन जितकी बारीक करावी तितकें पीक पोसतें. त्यानें ओळींत पेरणी व घोड्याच्या कोळप्यानें मशागत ह्यांचा जोरानें पुरस्कार केला. त्याच्या कोळपणीनें पिकें खरोखरच सुधारलीं, कारण तण गेलें व जमिनींत हवा खेळली. उपाय खरा, कारण खोटें, अशी ही जोडी आहे. आणि ती पुढें वारंवार भेटणार आहे.

हवेचा वाटा आणि ह्यूमसचा पगडा

हवेच्या बाजूचा हिशेब अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत उघडला. जोसेफ प्रीस्टली ह्यानें १७७१ सालीं दाखविलें कीं, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या डहाळीनें पुन्हां सुधारते. यान इंगेनहाउस ह्यानें १७७९ सालीं हें काम हिरव्या भागांकडून आणि तेंहि उजेडांतच होतें असें सिद्ध केलें. १८०४ सालीं जिनीव्हाच्या निकोला थिओडोर द सोस्यूर ह्यानें मोजमाप करून सांगितलें कीं, झाडाच्या अंगांतील कर्ब मुख्यतः हवेंतील कर्बवायूपासून (कार्बन डायऑक्साईडपासून) येतो, त्यांत पाण्याचाहि अंश मिसळतो, आणि क्षार तेवढे जमिनींतून येतात. हेल्मोंटचें कोडें येथें सुटलें.

मग त्या दिवसापासून सर्वांनीं हें मान्य केलें असेल, असें वाचकांस वाटेल. तसें घडलें नाहीं. प्रशियांतील आल्ब्रेख्ट थेअर हा त्या काळचा थोर कृषिपंडित. १८०९ ते १८१२ ह्या काळांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें मांडलें कीं, कुजलेल्या पालापाचोळ्यापासून व शेणखतापासून होणारा काळा अंश, म्हणजे ह्यूमस, हेंच पिकाचें खरें अन्न. युरोपांतील शेतकऱ्यांस हें तात्काळ पटलें, कारण डोळ्यांस तसेंच दिसत होतें. काळी, कसदार जमीन पिकते. पांढुरकी, खताविना पडलेली जमीन पिकत नाहीं. सोस्यूरच्या कांचेच्या भांड्यांपेक्षां शेणखताचा उकिरडा जवळचा होता. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विरुद्ध पुरावा छापला गेला म्हणजे सिद्धान्त पडतो असें नाहीं. जोंपर्यंत जुनें मत लोकांच्या अनुभवाचा कांहीं तरी उलगडा करितें आणि नवें मत तो करून दाखवीत नाहीं, तोंपर्यंत जुनें मत गादीवर बसून राहतें.

ह्यूमसच्या मतास पहिला धक्का थेअरच्याच शिष्यानें दिला. कार्ल श्प्रेंगेल ह्यानें १८२६ ते १८२८ च्या सुमारास मातींतील अर्क तपासून दाखविलें कीं, त्यांत नत्र, पालाश वगैरेंचे विद्राव्य क्षार असतात आणि पिकास ह्यूमसचा गुण येतो तो ह्या क्षारांमुळें. पिकास लागणाऱ्या द्रव्यांपैकीं जें सर्वांत अपुरें तेंच उत्पन्नाची मर्यादा ठरवितें, हा नियमहि प्रथम त्यानेंच सांगितला. परंतु त्या मतास सर्वत्र प्रसिद्धि मिळाली ती १८४० सालीं जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग ह्याच्या ग्रंथामुळें. लीबिगचा युक्तिवाद सरळ होता. ह्यूमस हा वनस्पतींपासून होतो. मग जगांतील पहिल्या वनस्पतींनीं काय खाल्लें? जंगलांतून वर्षानुवर्षें लांकूड नेलें तरी तेथील ह्यूमस घटण्याऐवजीं वाढतो. मग तें अन्न असेल तर खाल्लें जाऊन वाढतें कसें? ह्या प्रश्नांस ह्यूमसवाद्यांकडे उत्तर नव्हतें.

लीबिगचें खत आणि रॉथॅमस्टेडचें शेत

लीबिगनें जुना सिद्धान्त पाडला; परंतु जो पाडतो त्याचें स्वतःचें सर्वच म्हणणें खरें असतें असें नाहीं. पिकाची राख तपासावी, जे क्षार राखेंत सांपडतील ते जमिनीस परत द्यावे, नत्र मात्र हवेंतील अमोनिया पावसाबरोबर उतरून पुरेसें मिळतें, अशी त्याची शिकवण झाली. तीस अनुसरून १८४५ सालीं इंग्लंडांत त्याच्या नांवाचें पेटंट खत निघालें. पावसानें पालाश वाहून जाऊं नये म्हणून तें वितळवून अविद्राव्य करण्यांत आलें होतें. खत फसलें. पिकाला तें विरघळून मिळेना, आणि नत्र तर त्यांत नव्हतेंच. पुढें १८५० सालीं जे. टी. वे ह्या इंग्रज रसायनज्ञानें सप्रयोग दाखविलें कीं, जमीन स्वतःच असे क्षार धरून ठेवते. म्हणजे खत अविद्राव्य करण्याची ती सर्व खटपटच अनाठायीं होती. लीबिगनें पुढें ही चूक कबूल केली, हें त्याच्या थोरपणास शोभण्यासारखेंच झालें.

इकडे इंग्लंडांतील हर्टफर्डशायरमध्यें रॉथॅमस्टेड येथें जॉन बेनेट लॉज ह्या जमीनदारानें १८४३ सालीं ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग आरंभिला होता. त्याचा सहकारी जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा लीबिगच्या हाताखालीं शिकलेला. त्यांची रीत अशी होती कीं, एकाच शेताचे पट्टे पाडावयाचे. एका पट्ट्यास कांहींच घालावयाचें नाहीं, दुसऱ्यास शेणखत, तिसऱ्यास केवळ क्षार, चवथ्यास नत्रयुक्त खत, आणि प्रत्येकाचें धान्य निरनिराळें तोलावयाचें. एका पट्ट्यावर त्यांनीं शेणखत जाळून त्याची नुसती राख पसरली. लीबिगचें म्हणणें सर्वस्वी खरें असतें तर राखेनें शेणखताइतकेंच पीक यावयास हवें होतें, कारण क्षार सर्व राखेंत आलेच होते. परंतु राखेचा पट्टा बिनखताच्या पट्ट्याच्या रांगेसच राहिला, शेणखताचा पुढें गेला, आणि नत्राचे क्षार घातलेल्या पट्ट्यांतहि पीक वाढलें. जाळतांना शेणखतांतून जें उडून गेलें तें नत्रच होतें. गहूं हवेंतून पुरेसें नत्र घेत नाहीं, तें त्यास मुळांवाटे द्यावें लागतें, हें त्या राखेनें सिद्ध केलें.

वाद बराच काळ चालला आणि त्यांत कडवटपणाहि आला. पण निकाल लागला तो भाषणांनीं नव्हे. वर्षामागून वर्ष त्याच पट्ट्यांवर तोललेल्या गव्हानें लागला. तो प्रयोग आजहि त्याच शेतांत चालू आहे. आणि लीबिगचें गेलें काय? हवेंतून पुरेसें नत्र मिळतें हें कलम गेलें. क्षारांचें महत्त्व व सर्वांत अपुऱ्या द्रव्याचा नियम हीं कलमें टिकलीं, आणि आजच्या माती परीक्षणाचा पाया तींच आहेत.

बेवडाचें कोडें

आतां आपण अशा सिद्धान्ताकडे वळूं, जो उत्तम शास्त्रज्ञांनीं, उत्तम प्रयोगानें, पूर्ण काळजी घेऊन स्थापिला आणि तरीहि तो अपुरा ठरला.

हरभऱ्याचा, भुईमुगाचा, मुगाचा बेवड पुढील पिकास मानवतो, हें आपल्याकडे कोणाहि शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. ज्वारींत किंवा कपाशींत तुरीच्या ओळी घालण्याचा प्रघात जुनाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन कृषिलेखकांनींहि द्विदल पिकानें जमीन सुधारते असें लिहून ठेविलें आहे. फ्रान्समधील झां बाप्टिस्ट बूसँगो ह्यानें १८३८ सालीं वजनमापानें दाखविलें कीं, क्लोव्हर (एक द्विदल वैरण) व वाटाणा ह्यांच्या अंगीं नत्र बाहेरून वाढतें, गहूं व ओट ह्यांच्या अंगीं वाढत नाहीं. परंतु पुढें त्यानें अधिक कडक बंदोबस्तानें प्रयोग केले तेव्हां ती वाढ दिसेना.

शेवटचा निकाल म्हणून रॉथॅमस्टेड येथें लॉज, गिल्बर्ट व एव्हन प्यू ह्यांनीं १८५७ व १८५८ सालीं प्रयोग केले. माती तापवून लाल केली, रोपें कांचेच्या झांकणाखालीं ठेविलीं, आंत जाणारी हवा गंधकाम्लांतून धुऊन सोडली, जेणेंकरून कोठूनहि नत्राचा चोरटा अंश शिरूं नये. निकाल स्वच्छ आला. गहूं असो, वाटाणा असो, कोणतेंहि रोप हवेंतील मोकळें नत्र घेत नाहीं. हा निबंध १८६१ सालीं प्रसिद्ध झाला आणि प्रश्न मिटला असें बहुतेकांनीं मानिलें.

परंतु त्याच रॉथॅमस्टेडच्या शेतवहींत दुसरीच नोंद होत होती. १८७३ सालीं एका शेताच्या एका भागांत बार्ली व दुसऱ्यांत क्लोव्हर घेतलें. बार्लीनें एकरीं सुमारे ३७ पौंड नत्र उचललें. क्लोव्हरनें सुमारे १५१ पौंड. ज्यानें चौपट उचललें त्याच्या मागची जमीन चौपट खंगावयास हवी. दुसऱ्या वर्षीं दोन्हीं भागांत बार्ली पेरली, तेव्हां बार्लीमागून आलेल्या बार्लींत सुमारे ३९ पौंड नत्र निघालें आणि क्लोव्हरमागून आलेल्या बार्लींत सुमारे ६९ पौंड! ज्या खात्यांतून चौपट रक्कम काढली त्याच खात्यांत शिल्लक अधिक निघावी, हा कसला जमाखर्च? क्लोव्हरचीं खोल मुळें खालच्या थरांतून नत्र वर आणीत असावींत, असा उलगडा सुचविण्यांत आला. तो अशक्य नव्हता. पण हिशेबाचा मेळ त्यानें पुरता बसेना. प्रयोगशाळा एक सांगत होती, शेत दुसरें सांगत होतें, आणि दोन्हीं नोंदी एकाच संस्थेच्या, एकाच हातच्या होत्या.

बर्नबर्ग येथील वाळूच्या कुंड्या

उलगडा जर्मनींतील बर्नबर्ग येथें हेर्मान हेलरीगेल व हेर्मान विल्फार्थ ह्यांनीं केला. त्यांनीं वाळूच्या कुंड्यांत बाकीचे सर्व क्षार घालून नत्र तेवढें कमीजास्त प्रमाणांत दिलें. ओटचें वागणें सरळ होतें; जितकें नत्र तितकी वाढ. वाटाण्याचें मात्र विचित्र होतें. नत्र मुळींच न दिलेल्या एका कुंडींत रोप उपाशी मरे, आणि शेजारच्या तशाच कुंडींत तें टवटवीत वाढे. असा निकाल हातीं आला असतां पुष्कळ लोक 'प्रयोग बिघडला' म्हणून कुंड्या ओतून देतात. ह्या दोघांनीं उलट प्रश्न केला: एकींत असें काय आहे, जें दुसरींत नाहीं?

त्यांनीं वाळू तापवून निर्जंतुक केली; तेव्हां सर्व वाटाणे ओटसारखेच नत्रावांचून उपाशी राहूं लागले. मग तशाच कुंड्यांत शेतांतील माती कालवून काढलेलें थोडेंसें पाणी ओतलें. रोपें सांवरलीं व जोमानें वाढलीं. तेंच पाणी उकळून ओतलें असतां कांहीं उपयोग होईना. जीं रोपें सांवरलीं त्यांच्या मुळांवर गांठी होत्या. जीं उपाशी मेलीं त्यांच्या मुळांवर नव्हत्या. ह्या गांठी कांहीं नव्या नव्हत्या. सतराव्या शतकांत इटलीचा माल्पीगी ह्यानें त्यांचें चित्र काढून ठेविलें होतें, पण त्यांस तो किडीनें आलेल्या गांठी समजला; १८६६ सालीं रशियाचा व्होरोनिन ह्यानें त्यांत सूक्ष्म जंतु पाहिले होते. सर्वांच्या डोळ्यांपुढें असलेल्या ह्या गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरून पिकास देतात, आणि त्याच्या बदल्यांत पिकाकडून शर्करेच्या रूपानें अन्न घेतात, असा हा अर्धेलीचा व्यवहार आहे. हेलरीगेलनें हें सप्टेंबर १८८६ मध्यें बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेंत सांगितलें. सविस्तर निबंध १८८८ सालीं निघाला. त्याच वर्षीं हॉलंडांतील बायरिंक ह्यानें तो जंतु निराळा वाढवून दाखविला. आज त्यास रायझोबियम म्हणतात.

आतां रॉथॅमस्टेडचा प्रयोग कां फसला हें उघड झालें. त्यांनीं नत्राचा चोर बाहेर ठेवण्यासाठीं माती भाजली, आणि त्या भाजण्यांत घरचा कमावता माणूसच मारला. प्रयोग खोटा नव्हता. वाटाण्याचें झाड एकट्यानें नत्र घेत नाहीं हें तेव्हांहि खरें होतें, आजहि खरें आहे. पण शेतांत तें झाड एकटें नसतें.

लॉज व गिल्बर्ट ह्यांनीं काय केलें तेंहि ध्यानांत ठेवावें. तीस वर्षांपूर्वीं स्वतःच विरुद्ध निकाल दिलेला असतांहि त्यांनीं हेलरीगेलचे प्रयोग रॉथॅमस्टेड येथें पुन्हां करून पाहिले आणि ते खरे असल्याचें जाहीर केलें. आमच्या मतें शास्त्राचें बळ तें हेंच. माणसें चुकत नाहींत असें नाहीं. पण चुकीचा कागद दाबून न ठेवतां तो फिरून तपासावा, असा तेथें दंडक आहे.

हिशेब अद्याप चालू आहे

हें सर्व जुन्या काळीं घडलें, आतां सर्व ठरून गेलें, असेंहि कोणीं समजूं नये. लीबिगच्या यादींत नसलेलीं कितीएक द्रव्यें पिकास अत्यावश्यक आहेत हें विसाव्या शतकांत कळलें. बोरॉनविषयीं १९२३ सालीं, जस्ताविषयीं १९२६ सालीं. हिमालयाच्या पायथ्याशीं तराई प्रदेशांत भाताचीं पानें काताच्या रंगाचीं, तांबूस होऊन रोपें खुरटत. ह्या विकारास तिकडे 'खैरा रोग' म्हणत. पंतनगर कृषि विद्यापीठाचे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने ह्यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, हा जंतूंचा रोग नसून जमिनींतील जस्ताची उणीव आहे. जस्त सल्फेट दिलें असतां पीक सुधारतें. नांव रोगाचें राहिलें, कारण मात्र पार बदललें. आणि त्याबरोबर औषधहि बदललें. अपुऱ्या द्रव्याचा जुना नियम येथें नव्या द्रव्यास लागू पडला.

ह्यूमसचेंच पाहा. तो पिकाचें अन्न नव्हे हें ठरलें. तरी तो जमिनीचा पोत, ओल व जीवसृष्टि संभाळतो हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु ह्यूमस म्हणजे मोठ्या, टिकाऊ अणुसमूहांचा एक निराळाच पदार्थ, ही कल्पना दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत होती. २०१५ सालीं योहानेस लेमान व मार्कुस क्लेबर ह्यांनीं तिच्यावर सविस्तर आक्षेप घेतला. त्यांच्या मतें मातींतील सेंद्रिय अंश म्हणजे कुजण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरील लहानमोठे अंश असून, ते मातीच्या कणांस चिकटून राहिल्यामुळें टिकतात. हा वाद अद्याप चालू आहे. त्याचा निकाल कसाहि लागो, शेतांत कंपोस्ट घालावयाचें कीं नाहीं हा प्रश्न त्यावर अडून नाहीं. कंपोस्टचा गुण तोलून पाहिलेला आहे, वाद आहे तो केवळ त्या गुणाच्या कारणाचा.

शेतकऱ्यानें काय घ्यावें

ह्या सर्व हकीकतीवरून आम्हांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली: अनुभव आणि त्याचें कारण हीं निरनिराळ्या खात्यांत लिहावीं. टलची कोळपणी टिकली, त्याचे मातीचे कण गेले. थेअरचें शेणखत टिकलें, अन्न म्हणून ह्यूमस गेला. शेतकऱ्याचा बेवड टिकला, खोल मुळांचा उलगडा पुरा पडला नाहीं. सिद्धान्त मोडतो तेव्हां बहुधा कारण बदलतें. तोललेलें उत्पन्न बदलत नाहीं. 'शास्त्रज्ञांनीं मत फिरविलें' म्हणून चालता, पारखलेला उपाय टाकूं नये. आणि उपाय चालतो एवढ्यावरून त्याचें सांगितलेलें कारणहि खरें मानूं नये.

दुसरी: 'हेलरीगेलचेंहि म्हणणें आधीं नवलाचेंच होतें, तसेंच आमचें आहे,' असें सांगून बाटली किंवा पुडी विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांस विचारावें कीं, तुमचें नवें मत जुन्या खऱ्या नोंदींचाहि उलगडा करितें काय? हेलरीगेलच्या मतानें ओट उपाशी कां राहिले, वाटाणे कधीं वाढले व कधीं मेले, रॉथॅमस्टेडची भाजलेली माती कां फसली आणि क्लोव्हरमागची जमीन कां सुधारली, ह्या सर्वांचा मेळ एकदम बसला. जें नवें मत फक्त स्वतःच्या फायद्याच्या नोंदी दाखवितें आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करितें, तें नवें असेल. खरें असेलच असें नाहीं.

तिसरी: प्रत्येकानें आपल्या शेतांत एक 'बिनखताचा पट्टा' ठेवावा. कोणतेंहि नवें खत, औषध किंवा बियाणें सर्व शेतास एकदम लावूं नये. गुंठा-दोन गुंठ्यांचे वाफे शेतांत तीन-चार ठिकाणीं विखरून, निम्मे नव्या उपायाचे व निम्मे जुन्या रीतीचे, असे ठेवावे. कोणता वाफा कोणास हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. रॉथॅमस्टेड येथें १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर ह्या गणितज्ञानें हीच रीत शास्त्रशुद्ध केली, कारण एकाच वाफ्यावर विसंबलें तर खताचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता हें ओळखतां येत नाहीं. प्रत्येक वाफ्याचें धान्य निरनिराळें तोलावें, तारीख व पाऊस लिहावा, आणि निदान दोन हंगाम झाल्यावांचून निकाल देऊं नये.

बेवडाची परीक्षा तर कुदळीनेंहि होते. भुईमूग, मूग किंवा सोयाबीन फुलावर येण्याच्या सुमारास एखादें झाड मुळांसकट हलक्या हातानें खणून काढावें, मुळें पाण्यांत धुवावीं आणि गांठ नखानें चिरावी. आंतून गुलाबी-तांबूस निघाली तर जंतु कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली अथवा गांठीच नसल्या तर ते नाहींत. प्रत्येक द्विदलास कोणताहि जंतु चालत नाहीं. सोयाबीनचा निराळा, हरभऱ्याचा निराळा. म्हणून ज्या जमिनींत तें पीक पूर्वीं झालेलें नाहीं, तेथें त्या पिकाचें जिवाणूसंवर्धन, सामान्यतः दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम, बियाण्यास लावून सावलींत सुकवावें व लगेच पेरावें. अशा पिकास नत्राचीं खतें भरमसाट देऊं नयेत. आयतें नत्र मिळालें कीं गांठी कमी धरतात. आणि दाण्याबरोबर बरेंच नत्र शेताबाहेर जातें, म्हणून मुळें व गळलेला पाला जमिनींतच राहूं द्यावा. बेवड म्हणून जी शिल्लक पुढील पिकास मिळते, ती मुख्यतः ह्यांतच असते.

शास्त्राचीं मतें बदलतात ही त्याची बदनामी नव्हे. ज्या दप्तरांत कधींच दुरुस्ती होत नाहीं, तें बिनचूक असतें असें नाहीं. बहुधा तें कोणी तपासलेलेंच नसतें. शेतकऱ्यानें शास्त्रज्ञाचा शब्द डोळे मिटून घेऊं नये आणि डोळे मिटून टाकूंहि नये. त्यानें आपला तराजू व आपली वही जवळ ठेवावी. हेल्मोंटपासून हेलरीगेलपर्यंत सर्व निकाल अखेर त्यांवरच लागले आहेत, आणि आपल्या शेताचा निकालहि त्यांवरच लागावयाचा आहे.